चॅनलवरचे मेजरसाहेब

पत्र इंदूरचं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा गोषवारा असा :

लिहिणारे ५५ वर्षांचे आहेत. लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे दळणवळण विभागातून, सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं महूला होते, घर इंदुरातच, आजोबांच्या वेळेपासूनचं. निवृत्तीनंतर इंदूर, धार, देवास भागातल्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची पेन्शनची कागदपत्रं ते विनामूल्य लावून देतात. मे २०२५ मध्ये एका हिंदी वृत्तवाहिनीनं त्यांना चर्चेसाठी बोलावलं. आवाज भरदार, बोलणं ठाम, क्लिपा गाजल्या. सकाळी पोहे खायला गेले तर दुकानदारानं पैसे घेतले नाहीत. आता वाहिनी वर्षभराचा करार देऊ करते आहे : आठवड्यातून दोन संध्याकाळी 'रक्षा विशेषज्ञ' म्हणून बसायचं. त्यांना वाटतं, चेहरा ओळखीचा झाला तर अधिकारी ऐकतील आणि विधवांची कामं पटापट होतील. पत्नीला हे पसंत नाही. पुण्यातली मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही घरी कधी इतक्या मोठ्यानं बोलला नाहीत." एका जुन्या हवालदार सोबत्यानं कार्यक्रम पाहून फोनवर चार शब्द सुनावले आणि बोलणंच बंद केलं. मध्यंतरी एका पक्षाचे स्थानिक पुढारीही घरी येऊन चहा पिऊन गेले. महिनाअखेर सही करायची आहे. करू का?

नमस्कार सुभेदार मेजरसाहेब,

तुमच्या लांबलचक पत्रात एक ओळ तुम्ही भरभर लिहून पुढे निघून गेलात, मी मात्र तिथेच थांबले. "पहिल्या दिवशी पडद्यावरच्या नावाच्या पट्टीवर चुकून 'मेजर (निवृत्त)' आलं, मग तेच चालू राहिलं." एवढंच. पुढच्याच ओळीत क्लिप किती लोकांनी पाहिली त्याचा हिशेब.

ज्यांचा फौजेशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. सुभेदार मेजर म्हणजे पलटणीतला सगळ्यांत वरिष्ठ जेसीओ, जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या फळीतला. शिपाई म्हणून भरती व्हायचं, मग नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार असं चढत जायचं; तिथवर पोचायला तीन दशकं जातात आणि फार थोडे पोचतात. जवानांच्या मनात काय चाललं आहे हे पलटणीच्या प्रमुखाला, सीओसाहेबांना, कळतं ते याच माणसाकडून. मेजर हा अकादमीतून आलेला अधिकारी. त्या हुद्द्यावर तो तिशीच्या आतबाहेर असतो. दोन्ही मानाचेच, पण रस्ते पूर्ण वेगळे. आणि ज्या शहरात 'सुभेदार' म्हटलं की लोकांना मल्हारराव होळकर आठवतात, तिथे तरी हा हुद्दा कापून घ्यायची वेळ कुणावर येऊ नये.

पट्टीत अक्षरं मावत नाहीत, असं तुम्हाला वाहिनीवाल्यांनी सांगितलं असेल. मी काही वर्षं वृत्तवाहिनीच्या डेस्कवर काढली आहेत, त्यामुळे सांगते : 'सुभेदार मेजर' मावतं. त्याहून लांब पदव्या रोज मावतात. अडचण अशी की प्रेक्षकाला मेजर चटकन कळतो आणि सुभेदार मेजर समजावून सांगावा लागतो, आणि चर्चेच्या कार्यक्रमात समजावून सांगायला कुणालाच वेळ नसतो. पहिल्या दिवशी ती चूक असेल. दुसऱ्या दिवसापासून ती सोय झाली. वाहिनीची झाली, आणि थोडी तुमचीही, हे तुम्ही मान्य कराल असं वाटतं. नाहीतर ती ओळ पत्रात आलीच नसती.

तुमच्या हवालदार मित्राच्या रागाचं कारण तुम्ही असं दिलंत की चौकीवरच्या संपर्कव्यवस्थेबद्दल तुम्ही जरा जास्त बोललात. ते कारण खरं असेलच, त्याकडे मी येते. पण तुमच्या युनिटमधल्या ज्या ज्या माणसानं तो कार्यक्रम पाहिला, त्यानं तुमचा एक शब्द ऐकण्याआधी ती पट्टी वाचली असणार. त्यांना तुम्ही 'साहेब' म्हणून ठाऊक आहात ते त्यांच्यातूनच वर गेलेले म्हणून. पट्टीनं तुम्हाला त्यांच्यातून उचलून दुसरीकडे बसवलं आणि तुम्ही बसलात. फोनवर हे कुणी बोलून दाखवत नाही.

आता तुमच्या मूळ गृहीतकाकडे. चेहरा ओळखीचा झाला की फायली हलतील. कोणाच्या टेबलावरच्या? सिग्नल्सच्या जवानाची फाईल जबलपूरच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. पेन्शन मंजूर होते संरक्षण लेखा विभागाच्या प्रयागराजमधल्या पीसीडीए कार्यालयातून आणि जमा होते 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतून. इंदुरातल्या पोहेवाल्यानं तुम्हाला ओळखलं, त्याचा आनंद मी हिरावून घेत नाही. पण जबलपूरच्या क्लार्कला तुमचा चेहरा दिसत नाही. त्याला दिसतं ते पीपीओवरचं, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरचं नाव, पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं वगैरेंची युनिटनं केलेली नोंद), जन्मतारीख, आणि यांतलं काय कशाशी जुळत नाही ते. ते जुळवून देणं हीच तुमची विद्या आहे, आणि तिला कॅमेरा लागत नाही. आजवर तुम्ही जी कामं मार्गी लावलीत ती कुणी तुम्हाला ओळखत नसताना लावलीत. पत्रात तुम्हीच लिहिलं आहे.

आरडाओरड्याचा कधीच उपयोग होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. एप्रिल २०२२ ची पेन्शन ५८ हजारांहून अधिक माजी सैनिकांना वेळेवर मिळाली नव्हती, कारण त्यांची वार्षिक ओळखपडताळणी नोंदली गेलेली नव्हती. मे उजाडताच ओरड झाली, माध्यमांनी विषय धरला, आणि संरक्षण मंत्रालयानं ४ मे रोजी जाहीर केलं की यांना एक वेळची सवलत देऊन २५ मेपर्यंत मुदत देत आहोत, पेन्शन जमा होईल. तिथे गोंगाटानं काम केलं. का केलं? एकच अडचण हजारोंची होती, ती वरच्या पातळीवर एका निर्णयानं सुटणारी होती, आणि तारीख-आकडे समोर होते. 'एक पद, एक पेन्शन'साठी जंतरमंतरवर जून २०१५ पासून माजी सैनिक बसले आणि ५ सप्टेंबरला सरकारला घोषणा करावी लागली, तिथेही मागणी एक आणि सगळ्यांची होती. याउलट एखाद्या बाईच्या नावात पीपीओवर 'बाई' आहे आणि आधारवर नाही, यासाठी रात्री आठच्या चर्चेत मुठी आपटून काय होणार? प्रतिज्ञापत्र करून, जोडकागद लावून रेकॉर्ड ऑफिसला पाठवणं आणि दुरुस्तीच्या पीपीओची वाट पाहणं, एवढाच तो मार्ग आहे. तुमच्याकडे येणारी कामं बहुतेक या दुसऱ्या जातीची असतात.

म्हणून करार वाचण्याआधी एक प्रश्न : वाहिनी तुमच्याकडून नेमकं काय घेते आहे? तुमच्या पत्रात कार्यक्रमांचे विषय आहेत. क्षेपणास्त्रं, लढाऊ विमानं, चीनचं नौदल, शेजारी देशाचं अंतर्गत राजकारण. ३२ वर्षं तुम्ही सिग्नल्समध्ये होतात. रेडिओ संच, केबल, एक्स्चेंज आणि ते चालवणारी पोरं तुम्ही सांभाळलीत. त्याबद्दल तुम्हाला एकदाही विचारलं नाही. पेन्शनबद्दल तर नाहीच नाही. त्यांना हवा आहे फौजी हुद्दा आणि त्यातून येणारा राग. आठ खिडक्यांच्या पडद्यावर एक खिडकी फौजीची ठेवायची असते, गेस्ट कोऑर्डिनेटरच्या यादीत तो रकाना असतो. तुम्ही आला नाहीत तर त्याच रकान्यातला पुढचा नंबर लागतो. तुमची मुलगी तुम्हाला पडद्यावर ओळखू शकली नाही, कारण त्या खिडकीत बसणाऱ्यानं कसं बोलायचं हे आधीच ठरलेलं असतं. कानातल्या टॉकबॅकवर "सर, जरा जोर से" हे तुम्हीही ऐकलं असेल.

फौजेतून आलेल्या माणसानं पडद्यावर जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. अच्युत पोतदारांचं उदाहरण आपल्या अगदी घरातलं. जन्म जबलपूरचा, बालपण इंदुरात गेलेलं. लष्करात कॅप्टन होते, १९६७ मध्ये बाहेर पडले, मग इंडियन ऑइलमध्ये मोठी नोकरी केली आणि चाळिशी उलटल्यावर अभिनयाकडे वळले. दूरदर्शन मालिका, मराठी-हिंदी सिनेमे, किती भूमिका केल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा तरुण पोरांनी त्यांच्या प्राध्यापकाच्या भूमिकेतली एक ओळ दिवसभर एकमेकांना पाठवली. ते कॅप्टन होते हे त्यांतल्या बहुतेकांना त्या दिवशी कळलं. पडद्यावर त्यांनी हुद्दा वापरला नाही, लागलाही नाही.

दुसरं उदाहरण दूरचं आहे, पण तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचं. जे. आर. मार्टिनेझ हा अमेरिकी सैनिक २००३ मध्ये इराकमध्ये होता. त्याची गाडी सुरुंगावर गेली, तो भयंकर भाजला, चेहरा पूर्ण बदलला. लष्करी रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया चालल्या होत्या, तेव्हाच तो तिथल्या दुसऱ्या भाजलेल्या सैनिकांशी जाऊन बोलू लागला. पुढे २००८ मध्ये त्याला एका दैनंदिन मालिकेत काम मिळालं, तेही युद्धातून परतलेल्या सैनिकाचं, आणि २०११ मध्ये तो तिथल्या नाचाच्या मोठ्या स्पर्धेचा विजेता झाला. आज तो भाषणं देतो, जखमी सैनिकांसाठी बोलतो, आणि लोक ऐकतात. क्रम बघा. आधी रुग्णालयातल्या खाटांपाशी जाऊन बसणं, टीव्ही नंतर. टीव्हीवर गेला तेव्हा तो इतर देशांच्या रणनीतीवर बोलायला गेला नाही. त्याच्या अंगावर जे घडलं होतं तेच तो घेऊन गेला.

आणि मुरलीकांत पेटकरांना तर तुम्ही ओळखतच असाल. ईएमईचे, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागाचे जवान, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधल्या सेहेचाळीस वर्षांत किती कॅमेरे त्यांच्या दारात आले असतील? हे तुम्हाला धीर द्यायला सांगत नाहीये. प्रसिद्धी हा किती बेभरवशाचा मामला आहे एवढंच दाखवते आहे. १० मे रोजी भारत-पाकिस्तानमधला गोळीबार थांबला आणि आठवड्याभरात तुमचे फोनही थांबले, हे तुम्हीच लिहिलं आहे. "फार अस्वस्थ वाटलं, जणू दुसऱ्यांदा रिटायर झालो." पत्रातली सगळ्यांत प्रामाणिक ओळ मला ती वाटली.

त्या अस्वस्थपणाबद्दल थोडं बोलू या, कारण करारावर सही करणारा हात बहुधा त्याचाच असणार आहे. पहाटे पीटीपासून रात्रीच्या रोलकॉलपर्यंत ज्याच्या शब्दावर शेकडो माणसं हलत होती, तो एका महिन्यात सुदामानगरच्या किंवा लोकमान्यनगरच्या गल्लीत पिशवी घेऊन भाजी आणायला लागतो. कुणी सॅल्यूट करत नाही. भाजीवाला "भिया, बाजूला घ्या गाडी" म्हणतो. माझ्याकडे निवृत्त फौजींची जी पत्रं येतात त्यांत पैशांची तक्रार कमी आणि ही जास्त असते, फक्त ती तक्रार म्हणून लिहिलेली नसते. त्यात टीव्हीचा फोन येतो, घ्यायला गाडी येते, कुणी कॉलरला माइक लावतं, कुणी पाणी आणून देतं. बरं वाटणारच. बरं वाटण्यात काही गैर नाही. फक्त त्याला विधवांच्या कामाचं नाव देऊ नका. तुम्हाला कॅमेरा आवडतो, हे सरळ कबूल केलंत तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतील. इंदुरात मराठी हौशी रंगभूमी आहे, 'सानंद'सारखी संस्था आहे, नाटकाला गर्दी करणारा प्रेक्षक आहे. तुमच्यासारखं उभं राहणं आणि आवाज असलेला पंचावन्नचा नट मिळाला तर कुठलाही हौशी दिग्दर्शक हरखून जाईल. मी थट्टा करत नाहीये.

आता कायद्याचं आणि करारातलं. हा भाग तुमच्यासारख्या इतरांनीही जरा लक्ष देऊन वाचावा.

शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा निवृत्तीबरोबर संपत नाही. नोकरीत असताना लष्करी नियमांनुसार माध्यमांशी बोलायला परवानगी लागते, निवृत्तीनंतर ती लागत नाही. पण ३२ वर्षांत कानावर पडलेली गोष्ट आता वापरात आहे की नाही, हे ठरवणारे तुम्ही नाही. चौकीवर कुठला संच असतो, लाइन तुटली तर काय करतात, हे तुम्हाला जुनं वाटतं. हवालदाराला वाटलं नाही. त्याचा मुलगा आज नोकरीत आहे, असं तुम्हीच म्हणता. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात सीमेपलीकडचे सूत्रधार आपल्या वाहिन्यांचं थेट प्रक्षेपण पाहून फोनवर सूचना देत होते, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या निकालात त्या प्रक्षेपणावर कडक शब्दांत टीका केली. केबल टीव्ही नियमांत दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आहे. २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयानं सगळ्या वाहिन्यांना संरक्षण दलांच्या हालचाली थेट दाखवू नका असं पुन्हा बजावलं. ते बंधन वाहिनीवर आहे. पण हालचालींचा 'अर्थ' सांगायला स्टुडिओत ज्याला बसवतात, त्यानंही आपल्या जिभेवर ते घालून घ्यावं. कारवाई चालू असेल त्या दिवशी फोन आला तर सरळ नाही म्हणा. त्या दिवशी तुम्हाला ठाऊक असतं ते सांगण्याजोगं नसतं, आणि जे सांगण्याजोगं असतं ते आधीच सगळ्यांना ठाऊक असतं.

इंदुरात सीमा सुरक्षा दलाची शस्त्र-प्रशिक्षण संस्था आहे, तिथून निवृत्त झालेली मंडळी हे सदर वाचतात. तुमचा मामला सुभेदार मेजरसाहेबांपेक्षा वेगळा आहे, बरं का. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत जी सुरक्षा आणि गुप्तवार्ता दलं आहेत, त्यांच्या निवृत्तांसाठी पेन्शन नियमांत २०२१ मध्ये बदल झाला. आपल्या दलाच्या कामाशी संबंधित काहीही प्रसिद्ध करण्याआधी दलप्रमुखाची पूर्वपरवानगी लागते, आणि टीव्हीवर बोलणंही त्यात येतं. मोडलं तर पेन्शनवर गदा येऊ शकते. सीमा सुरक्षा दल त्या यादीत आहे. एखादा भाचा म्हणेल, "मामा, नुसता एक बाइट द्या." आधी कागद मागा, मग बाइट.

करार सहीआधी एखाद्या वकिलाला दाखवा, आणि ओळखीचा आहे म्हणून फुकटात उरकू नका. तीन जागा मी आधी बघेन. एक, 'फक्त आमच्याच वाहिनीवर' ही अट. ती असली तर वर्षभर तुम्ही आकाशवाणीवर किंवा स्वतःच्या मोबाइलवरही पेन्शनबद्दल बोलू शकणार नाही. दोन, तुमच्या क्लिपा कापून, दुसऱ्या बातमीला जोडून, कधीही वापरायचा हक्क. राग आलेला तुमचा चेहरा दोन वर्षांनी भलत्याच विषयाखाली लागू शकतो. तीन, विषय कोण ठरवणार. त्याखेरीज पट्टी कशी असेल ते करारातच लिहून घ्या : सुभेदार मेजर, नाव, पुढे कंसात निवृत्त. 'रक्षा विशेषज्ञ' काढायला लावा. हे एवढं लिहून द्यायला जी वाहिनी कां-कूं करेल, तिनं तुमच्या बाकीच्या प्रश्नांचंही उत्तर दिलं असं समजा.

माझा सल्ला विचाराल तर, हा करार जसा आहे तसा नको. पण नुसतं 'नको' म्हणून घरी बसू नका, उलट प्रस्ताव द्या. आठवड्यातून एकदा, आधी रेकॉर्ड केलेला, अर्ध्या तासाचा कार्यक्रम : माजी सैनिकाच्या घरच्या अडचणी. विषय कमी पडणार नाहीत. नोव्हेंबरात जीवन प्रमाणपत्र द्यायचं, तर अंगठ्याचे ठसे पुसट झालेल्या म्हाताऱ्यानं काय करायचं. वडिलांच्या माघारी अपंग मुलाला कुटुंबपेन्शन मिळते, हे किती घरांना ठाऊक आहे? ज्यांना पेन्शनच नाही अशा पासष्टीपुढच्या जवानांना आणि विधवांना रक्षामंत्र्यांच्या निधीतून दरमहा मदत मिळते, हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांना. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा फेटाळला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं एक पीठ जबलपूरला आहे, तिथे काय घेऊन जायचं. अग्निवीरांची पहिली तुकडी चार वर्षं पुरी करून २०२६ च्या अखेरीपासून बाहेर पडू लागेल आणि त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांनाच पुढे कायम करायचं आहे. उरलेल्या बाविशी-पंचविशीतल्या पोरांशी कोण बोलणार, कर्नल की सुभेदार मेजर?

इथे तुमचा खरा हुद्दा किती मोलाचा आहे ते लक्षात येतंय का? सातव्या वेतन आयोगात लष्करी सेवा वेतन अधिकाऱ्यांना १५,५०० आणि जेसीओ-जवानांना ५,२०० ठरलं. या फरकावर जवानांची किती नाराजी आहे, हे तुम्ही मला सांगायला हवं. पॅनेलवर निवृत्त जनरल आणि कर्नल बसतात; त्यांना या विषयावर बोलायचं कारण नसतं. जेसीओ क्वचित दिसतो. तो दिसला आणि पट्टीवर मेजर लिहिलेलं असलं, तर मग कुणीच दिसलं नाही.

वाहिनी म्हणेल, याला टीआरपी नाही. म्हणू दे. मालवा हाऊसमध्ये आकाशवाणीचं इंदूर केंद्र १९५५ पासून आहे. त्यांच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातली नंदाजी-भेराजीची मालवी जोडी खत-बियाण्यांसारख्या रुक्ष गोष्टी सांगायची आणि गावंच्या गावं ऐकायची. पीपीओ हा विषय युरियापेक्षा रुक्ष नाही. केंद्रावर जाऊन भेटा. तेही जमलं नाही तर मोबाइल आहे, खिडकीचा उजेड आहे. एका व्हिडिओत एकच कागद, दहा मिनिटं, मराठीत एकदा आणि हिंदीत एकदा. झाबुआ-धारच्या घरांत वाहिनीच्या चर्चेपेक्षा व्हॉट्सॲपवर फिरणारा हा व्हिडिओ जास्त उघडला जाईल, आणि त्यावर पट्टी तुमची तुम्ही लिहाल.

एक सावधगिरी मात्र लोखंडाची ठेवा. कुठल्याही विधवेला कॅमेऱ्यासमोर बसवू नका, ती स्वतःहून आणि नीट समजून हो म्हणाल्याशिवाय. तुमच्या उपकाराखाली असलेली बाई तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, म्हणून तिला विचारायला वहिनींना पाठवा. पीपीओ क्रमांक, बँक खातं, आधार, मोबाइल, घराचा पत्ता, यांतलं काही पडद्यावर दिसता कामा नये. पेन्शनर म्हणजे ठगांचं आवडतं गिऱ्हाईक. 'जीवन प्रमाण अपडेट करतो' म्हणून फोन करून खाती रिकामी केल्याच्या घटना घडतात. शिवाय आज ती रडली, काम झालं, पुढे सुनेच्या माहेरची माणसं ती क्लिप दहा वर्षं बघत राहणार.

पुढाऱ्यांच्या चहाबद्दल फार लिहीत नाही. निवडणूक आयोगानं २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये पक्षांना सांगितलं आहे की प्रचारात सैनिकांची छायाचित्रं वापरू नका. निवृत्त माणूस नागरिक म्हणून हव्या त्या पक्षात जाऊ शकतो, तुम्हीही जा. पण मग पेन्शनचं टेबल दुसऱ्या कुणाकडे द्या. अर्ज घेऊन आलेल्या म्हातारीला तुमच्या दारात झेंडा कोणता आहे, हे पाहावं लागू नये.

वहिनींचं 'नको' तुम्ही भीतीच्या खात्यात टाकलं आहे. त्यांना विचारलंत का, नेमकं काय नको? मला वाटतं, त्यांची हरकत टीव्हीला नसावी. कार्यक्रमाच्या रात्री तुम्ही घरी येता तेव्हा आवाज तसाच चढलेला असतो, आणि जेवताना तोंडी लावायला मोबाइलवरची मतं असतात, असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. त्यांनी ३० वर्षं बदल्या काढल्या, पत्रांवर संसार केला. आता कुठे नवरा संध्याकाळी घरी असू लागला होता. त्यांच्यासमोर नवा प्रस्ताव ठेवा आणि वारही त्यांनाच ठरवू दे.

हवालदाराकडे जा. फोन नको, प्रत्यक्ष जा. पट्टीबद्दल आणि चौकीबद्दल तो जे बोलेल ते ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. जमलंच तर त्याला त्या कार्यक्रमात आपल्या शेजारी बसायला सांगा. नाईक-हवालदारांच्या अडचणी तो तुमच्याहूनही जवळून सांगेल.

महिनाअखेरची तारीख त्यांची आहे, तुमची नाही. पंधरा दिवस मागा; वाहिन्या देतात. पत्राच्या शेवटी तुम्ही धारच्या त्या बाईंचा उल्लेख केला आहे, नवरा सिग्नल्समध्येच नाईक होता, नावात फरक आहे आणि स्टुडिओच्या गडबडीत त्यांचं प्रतिज्ञापत्र तुमच्याकडेच राहिलं आहे. ते आधी जबलपूरला पाठवा, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. 'स्पर्श'वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्यांच्या वहीत लिहून द्या.